मागची डावी सीट

पांढरीने सांगितलं होतं. मैथिलीनेच ऐकलं नव्हतं.

गाडी घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मार्च सरत आलेला. चंद्रपूरचं ऊन अजून लहान होतं, म्हणजे बेचाळिसाच्या आसपास. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली : ‘मागच्या सीटवरच्या एका प्रवाशाला घाम येत नाही. कृपया लक्ष द्या.’

“घ्या!” मैथिली हसली. “चोवीसवर एसी लावलाय, घाम कशाला येईल?”

मागे उजवीकडे छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली जुई होती आणि डावीकडे तिचे आजोबा, म्हणजे मैथिलीचे सासरे दौलतराव. त्यांना घरात सगळे बाबाजी म्हणत. बाबाजी पुढे वाकून म्हणाले, “तिले सांग, माझा सारा घाम मी खाणीतच गाळून आलो. आता शिल्लकच नाई.”

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला. अक्षरांखाली दोन चौकोन होते. एकावर ‘समजलं’ आणि दुसऱ्यावर ‘पुन्हा दाखवू नका’. डास मारावा तसा मैथिलीने दुसऱ्या चौकोनावर बोट आपटलं आणि गाडी काढली.

खरं तर एखादी सूचना अशी झटकून टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती बी.फार्म. झालेली, औषधाच्या पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई. जुई झाल्यापासून तर तिला डोळ्यांच्या चार जोड्या फुटल्या होत्या. घराच्या प्रत्येक खोलीत तापमापक. पर्समध्ये मीठ-साखरेच्या पुड्या. जुईला शिंक आली की आधी मैथिलीच्या छातीत धस्स व्हायचं, मग जुईच्या नाकाला रुमाल लागायचा. तिचा नवरा पराग वीज केंद्रात पाळीवर जाई. तो तिला चिडवायचा, “आपल्या घरात दोन कंट्रोल रूम आहेत. एक माझी, एक तुझी. तुझीला सुट्टी नसते.”

पण काळच तसा आला होता. अलीकडे उन्हाळा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसाला टेकत होता आणि जिल्ह्यात ‘दुपारबंदी’ लागू झाली होती. बारा ते चार रस्ते रिकामे. शाळा पहाटे भरायच्या, बाजार संध्याकाळनंतर. वाटेत अडकलेल्यांसाठी रस्तोरस्ती जाड छपरांची सावलीघरं उभी राहिली होती, तिथे पाण्याचे बारीक फवारे उडवणारे पंखे असत. बारा वाजले की बस असेल तिथल्या सावलीघराशी थांबायची आणि चारला निघायची. अशा गावात लहान लेकरू घेऊन फिरायचं, तर गाडी म्हणजे चाकांवरचा माठच हवा. म्हणून ही पांढरी घेतली. बॅटरीवर चालणारी, बोलणारी, गरज पडली तर स्वतःच जागेवर लागणारी, आतल्या माणसांच्या अंगाला पाहून एसी कमी-जास्त करणारी. ‘पांढरी’ हे नाव बाबाजींनी ठेवलं. “गोठ्यातल्या गाईले नाव असते, मग हिले काऊन नसावं?”

त्या पांढरीचं दुखणं एप्रिलमध्ये सुरू झालं.

पहिल्यांदा इरईच्या पुलावर. मैथिली जुईला लस द्यायला नेत होती आणि “मीही येतो, पोट्टी रडली तर कोण सांभाळन?” म्हणत बाबाजी सोबत निघाले होते. पूल अर्धा झाला आणि एसीचा गारवा निघून गेला. वारा तेवढाच जोरात येत होता, पण तो आता गार नव्हता. मैथिलीने बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा लावलं. काहीच नाही. आरशात जुईच्या कपाळावरचे केस ओले होताना दिसले. तिचे हात स्टिअरिंगवर घसरायला लागले. आता गाडी थांबवावी तर बाहेर भट्टी, न थांबवावी तर आत. आणि पूल संपता संपता काही झालंच नाही अशा थाटात गार वारा परत आला.

“पांढरे, एसीत काय बिघाड आहे?”

“एसीत बिघाड नाही,” पांढरी शांतपणे म्हणाली.

“खोटारडी!”

पुढच्या दिवसांत हे कधी व्हायचं, कधी नाही. सकाळी पाळणाघरात जाताना गाडी थंडगार. रविवारी सगळे महाकालीच्या दर्शनाला निघाले की मधेच गारवा गायब. परागने एकट्याने गाडी ताडोब्याच्या रस्त्यावर पिटाळून आणली आणि नाक पुसत घरात शिरला. “सर्दी झाली मला. कुठे बंद पडतोय? तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे.”

“हो का? मग त्या दिवशी पुलावर घाम माझ्या मनाला फुटला होता?”

शेवटी ती मूल रोडवरच्या नौशादभाईच्या गॅरेजात गेली. नौशादभाई गाड्यांच्या एसीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसे, आणि बोलण्याची त्याला भारी हौस. यंत्र जोडून त्याने पाहिलं. सगळं ठीक. “मॅडम, कायमचं बंद पडलेलं बरं असतं. हे अधूनमधून पडणारं दुखणं म्हणजे डॉक्टरच्या दारात आलं की पळून जाणारी पोराची पोटदुखी. गॅस बरोबर आहे. पंखा फिरतोय. तापल्यावर एखादी वायर सैल पडते का तेही बघितलं.” मग तो डाव्या बाजूला वाकला, डॅशबोर्डखाली, जिथून गाडी आतली हवा परत ओढून घेते तिथे हात घातला आणि मोठ्याने हसला. “हे काय लावलंय? सत्यनारायण?”

त्याच्या हातात पाणी टपकणारी एक पोटली होती. मलमलच्या फडक्यात बांधलेला ओला वाळा. गॅरेजभर मातीचा गोड गंध पसरला.

मैथिलीला विचारावंच लागलं नाही. उभ्या विदर्भात उन्हाळा वाळ्याच्या वासाने येतो. खिडकीला वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं, बाहेरची झळ त्यातून गार होऊन आत येते. बाबाजींनी गाडीलाही ताटी लावली होती.

“कोरड्या हवेत वाळा छान,” नौशादभाई सांगू लागला, “पण इथे ओली हवा सरळ आतल्या गार जाळीवर जाते. हवेतलं पाणी जाळीवर धरतं, त्याचा बर्फ होतो, हवेची वाट बंद होते. थोड्या वेळाने बर्फ वितळला की गाडी परत चालू. झालं! आता पुन्हा होणार नाही. झालं तर मिशी उतरवतो.”

मैथिली मान डोलावत होती, पण आत कुठेतरी काहीतरी टोचलं. बर्फ धरला तर हवा कमी यायला हवी होती. पुलावर हवा तेवढीच जोरात होती, फक्त गार नव्हती. पण गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात माणूस साक्षीदारांचं नीट ऐकत नाही. तिनेही ते टोचणं बाजूला सारलं.

घरी आल्यावर तिने पोटली बाबाजींच्या पुढ्यात ठेवली.

“वास चांगला येते म्हणून ठेवली होती,” बाबाजी ओशाळले. “पोट्टीले झळ नाई लागली पाहिजे.”

“पोरीच्या जिवाशी हे असले प्रयोग नकोत, बाबाजी. गाडी म्हणजे तुमचं घुग्घुसचं घर नाही.”

बोलून गेली. तिच्या कानालाही ते शेवटचं वाक्य कडक लागलं. बाबाजी पोटलीचं फडकं उलगडत राहिले, मग “बरं” म्हणाले. मैथिलीच्या मनात आणखीही काही साठलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. गाडी आल्या आल्या वर्ध्याला लग्नाला जाताना बाबाजींनी दोनदा गाडी थांबवायला लावली होती. दर वेळी दार उघडलं, झळ आत आली, झोपलेली जुई रडत उठली. मैथिली काही बोलली नव्हती. पण तिचा चेहरा बोलका, आणि खाणीच्या अंधारात माणसांचे चेहरे वाचत ओव्हरमन, म्हणजे पाळीचा मुकादम, म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला उजेडातला चेहरा वाचणं काय अवघड?

दुसऱ्या सकाळी त्यांनी पिशवी भरली. “माझा कूलर तिकडं माझी वाट पाहून राहिला,” ते म्हणाले. पराग थांबा म्हणाला, जुई पायाला बिलगली. मैथिलीही थांबा म्हणाली, पण ते किती मनापासून होतं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिनेच त्यांना घुग्घुसला सोडलं. वाटेत गारवा पुन्हा गेला. ती चरफडली. बाबाजी हसून म्हणाले, “पांढरी रुसली वाटते.”

आणखी एक पोटली कुठेतरी दडवलीय, तिने मनाशी ठरवलं. परतीच्या वाटेवर मात्र पांढरीने गारव्याचा एक श्वासही चुकवला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढे मे उजाडला तरी नाही. नौशादभाईची मिशी शाबूत राहिली. गाडीचं दुखणं बाबाजींबरोबरच घुग्घुसला गेलं होतं.

जुईचा तिसरा वाढदिवस आला. संध्याकाळी केक होता, म्हणून सकाळची कामं उरकून मैथिली गाडी झाडायला खाली उतरली. सीटच्या फटी, पायपुसण्या, खालचे कप्पे असं सगळं तिने चाचपलं. दुसरी पोटली कुठेच नव्हती. मागच्या डाव्या बाजूला, समोरच्या सीटच्या पाठीवरच्या खिशात पेपरमिंटचे कागद सापडले, आणि त्यांच्यामागे नीट घडी घालून लपवलेली गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी.

बीपीची असेल, असं म्हणत ती टाकणार होती. पण डोळे सवयीने नावावर गेले.

लघवीवर ताबा राहावा म्हणून देतात ती गोळी. कॉलेजात तिने तिचे परिणाम घोकले होते. मूत्राशयाला आवर घालते, तोंडाला कोरड पडते... म्हणून ही पेपरमिंटं. आणि आणखी काय कोरडं पडतं? शरीरात जिथे जिथे त्याच जातीचे संदेश ओलावा आणायला सांगतात, तिथे तिथे ही गोळी दार लावते. लाळ. डोळ्यांतलं पाणी. घाम.

घाम.

ती तशीच मागच्या सीटवर बसली. मार्चमधली पिवळी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. इतके दिवस ती गाडीला बिघाड विचारत होती. आज तिने वेगळं विचारलं.

“पांढरे, मी जिथे बसलेय, त्या जागेवर बाबाजी बसले की तू काय करतेस?”

“त्यांना घाम येतो का ते पाहते,” पांढरी म्हणाली.

मग एकेक प्रश्न विचारत गेल्यावर सगळं उलगडलं. पांढरीच्या छतात चेहऱ्याची उष्णता टिपणारा एक बारीक डोळा होता आणि सीटच्या कापडात ओलावा ओळखणारे धागे विणलेले होते. दर वेळी उन्हातून गाडीत येऊन बसल्यावर मैथिलीची आणि जुईची त्वचा ओली असायची. बाबाजींची तापलेली असायची, पण कोरडी. आता गार हवेत घाम कुणालाच येत नाही, तेव्हा कोण निरोगी नि कोण कोरडा हे गारव्यात कळणार कसं? म्हणून पांढरी थोडा वेळ गारवा थांबवायची. आतली हवा जराशी कोमट होऊ द्यायची, कुणाला अपाय होणार नाही इतपतच. मैथिलीला घाम यायचा, जुईला यायचा. डाव्या सीटचे धागे कोरडेच राहायचे. मग पांढरी गारवा परत सोडायची.

“मग बोलली का नाहीस?”

“पहिल्यांदा सांगितलं होतं. पुन्हा दाखवू नका, असं तुम्ही सांगितलं. सांगणं थांबवलं. पाहणं थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं.”

घरात एकटीच जागी राहून सगळ्यांचे श्वास मोजत बसलोय असं मैथिलीला रात्री कितीदा वाटायचं. आणि इथे अंगणात एक यंत्र उभं होतं. त्याचं तोंड तिने स्वतः बंद केलं होतं, त्याला खोटारडं म्हटलं होतं, गॅरेजात नेऊन उघडं केलं होतं, तरी ते दर प्रवासात त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहत राहिलं होतं. आता घाम येतोय का? आता? आता?

तिने बाबाजींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग परागला.

“अगं, सांगू नको म्हणाले होते,” पराग म्हणाला. “जुईला चकित करायचं होतं म्हणे. सकाळच्या बसने निघालेत.”

“सकाळच्या? मग अजून आले का नाहीत? बस कुठे आहे बघ. लवकर बघ, पराग.”

पलीकडे तो काहीतरी पाहत होता. “बस उशिरा सुटली. बारा वाजले ना... पडोलीच्या सावलीघराशी थांबलीय. चारला निघेल. काय झालंय?”

बाबाजी घरी असताना गोळी घेत नसणार. घरात मोरी दोन पावलांवर असते. गोळी प्रवासापुरती. आज प्रवास होता. आणि हवा शरीरापेक्षा गरम झाली की पंखा नुसती झळ फेकतो. अंगाला थंड करायला एकच गोष्ट उरते, त्वचेवरचं पाणी. ते वाळताना अंगातली उष्णता उचलून नेतं. माणसाची कातडी म्हणजे त्याची वाळ्याची ताटी. बाबाजींची ताटी आज कोरडी होती, आणि बाहेर अठ्ठेचाळीस.

शेजारच्या घराला कुलूप होतं. मैथिलीने जुईला उचललं, फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या नि एक कॅन गाडीत टाकला. या उन्हात, दुपारबंदीत, लेकराला घेऊन बाहेर! कालच्या मैथिलीने आजच्या मैथिलीला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

“रस्ते बंद आहेत,” पांढरी म्हणाली. “कारण सांगा.”

“मागच्या डाव्या सीटवरचा प्रवासी आणायचाय.”

“समजलं. परवानगी मागितली आहे, निघा. अ‍ॅम्ब्युलन्सलाही कळवते.”

पडोलीच्या सावलीघरात उत्सवासारखी गर्दी होती. फवाऱ्याखाली बायका बसल्या होत्या, ताक फिरत होतं, पत्ते पिसले जात होते. सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटलेले. बाबाजी फवाऱ्यापासून दूर, एका कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. मांडीवर वाळ्याची गुंडाळी.

“तुमचे का हे?” एकजण कौतुकाने म्हणाला. “खाणीतले ना? म्हटलं, म्हणूनच! आम्ही इथं निथळून राहिलो आन् आजोबांच्या अंगावर थेंब नाई. जुनं हाड हाय बाप्पा!”

मैथिलीने त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखी गरम, आणि कोरडी ठणठणीत.

“बाबाजी?”

त्यांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे पाहत होते, पण ती त्यांना दिसत नव्हती. “पाळी बदलली का? माझा दिवा कोणी नेला?”

दोघातिघांना हसू आलं. मैथिलीला नाही. “उचला यांना! गाडीत! ऊन लागलंय यांना!”

हसणारेच आधी धावले. बाबाजींना मागच्या डाव्या सीटवर बसवलं. ताक देणारी एक बाई कुणी न विचारता गाडीत शिरली, पुढची सीट पार पुढे ढकलून बाबाजींच्या पायाशी बसली. “मी बसते. तू गाडी हाक, माय. काय करायचं तेवढं सांग.”

“त्वचा ओली ठेवा,” पांढरीने सांगितलं. “मान, काखा, छाती. पाणी पाजू नका, शुद्ध नीट नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला वेळ लागेल, दवाखाना जवळ आहे.”

ओलं करायला फडकं शोधताना बाईच्या हाती ती गुंडाळी लागली. उलगडली तर जुईच्या खोलीतल्या छोट्या खिडकीच्या मापाची वाळ्याची ताटी, कडेला लाल दोऱ्याची शिवण. वाढदिवसाची भेट. बाईने ती तशीच पाण्यात बुचकळली आणि त्यांच्या उघड्या छातीवरून, गळ्यावरून फिरवू लागली. गाडी वाळ्याच्या वासाने भरून गेली.

“आणखी एक,” पांढरी म्हणाली. “सगळा गारवा डाव्या सीटला दिला तर ते लवकर निवतील. उजव्या बाजूला मात्र गरम होईल. देऊ का?”

उजव्या बाजूला जुई होती.

मैथिलीने आरशात पाहिलं. जुईचे डोळे आजोबांवर खिळले होते. तापमापकांनी भरलेलं घर, मीठ-साखरेच्या पुड्या, झोपेतही जागे असलेले ते डोळे, सगळं तिला आठवलं. रस्ता समोर रिकामा पांढरा पडला होता.

“दे,” ती म्हणाली.

मागे वाऱ्याचा घोष झाला. ओल्या अंगावर ओला वाळा फिरत होता, वारा ते पाणी उचलत होता, बाई पुन्हा पाणी ओतत होती. बाबाजींना स्वतःचा घाम नव्हता, म्हणून दोन बायका आणि एक गाडी मिळून त्यांना उसना घाम देत होत्या. आणि उजवीकडे जुईच्या ओठावर बारीक थेंब आले. मग कपाळावर, मग नाकाच्या शेंड्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मैथिलीला लेकीचा घाम बघून बरं वाटलं. येऊ दे बाई. येतोय ना, येऊ दे.

“आई, मला गलम होतंय.”

“हो राजा. आज आजोबांची पाळी आहे. पाणी पी.”

दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा मागून एक घोगरा, दमलेला, पण ओळखीचा आवाज आला. “आज... पांढरी रुसली नाई वाटते.”

मैथिलीला रस्ता दिसेनासा झाला. गाडी पांढरीनेच आत नेऊन उभी केली.

बाबाजींना चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. पराग गोळीबद्दल विचारून थकला. मग पराग चहा आणायला गेल्यावर ते मैथिलीला म्हणाले, “वर्ध्याच्या रस्त्यानं तुले दोनदा गाडी थांबवायला लावली. पोट्टी उठली. तुया तोंडावर दिसलं मले. लाज वाटली बाप्पा. इतका मोठा माणूस आन् सुनेले म्हणायचं, थांब.”

“तुम्ही दहादा थांबवायला लावा,” मैथिली म्हणाली. “मीच तोंड पाडलं होतं. आणि पुन्हा पाडलं, तर तुम्हीच माझे कान धरा.”

“पोटली ठेवू का मग गाडीत?”

“नाही! ती मात्र नाही!”

वाळ्याची ताटी आता जुईच्या खिडकीला आहे. संध्याकाळी बाबाजी आणि जुई तिच्यावर पाणी शिंपडतात, निम्मं एकमेकांवर. पडद्यावरचा तो चौकोन मैथिलीने शोधून काढला आणि पांढरीला पुन्हा बोलायची मोकळीक दिली. नौशादभाईला तिने सगळी हकीकत सांगितली. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, “मॅडम, मी गाडीची नाडी बघत होतो. गाडी माणसाची बघत होती.”

जूनच्या तोंडावर सगळे घुग्घुसला निघाले. बाबाजींची नवी गोळी सुरू होऊन काही दिवस झाले होते. पडोली ओलांडली आणि गारवा थांबला. पराग खिडकीबाहेर बघण्याचं सोंग करत होता. हवा कोमट झाली. मैथिलीच्या कानशिलांवरून घामाचा ओघळ आला. मागे जुईने हात लांबवून आजोबांच्या मानेवर ठेवला, डॉक्टरीणबाईसारखा गंभीर चेहरा केला, मग तो ओला हात सगळ्यांना दिसेल असा वर धरून ओरडली, “ओलं! आजोबा ओले!”

गाडीत एकच गलका झाला. आणि त्या गलक्यात पांढरीने गार वारा सोडला.

तेव्हापासून मैथिली भेटेल त्याला एकच गोष्ट सांगते, आणि हे वाचणाऱ्यालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या गाडीत पांढरीसारखा डोळा असेल, नसेल. पण तुमच्या घरात, नाहीतर पलीकडच्या फ्लॅटमध्ये, कुणीतरी म्हातारं माणूस आहे. इतक्या उन्हातही ते हसून म्हणतं, मला काही होत नाही, मला घामसुद्धा येत नाही. आज दुपार चढायच्या आत तेवढं जाऊन या. काहीतरी निमित्त काढा, ताक न्या, खांद्यावर हात टाका. आणि हळूच त्यांच्या मानेला हात लावून बघा, ओली आहे ना?